शब-ए-माळवा आणि रंगीत दिवे

मॉन्ट्रियलला राहणारी माझी भाची गेल्या हिवाळ्यात पंधरा दिवस देवासला आली होती. पौषाचे दिवस. संध्याकाळी सातच्या सुमारास ती गच्चीवरून खाली आली आणि म्हणाली, “मामा, तुमच्या गल्लीत संचारबंदी लागली आहे का? एक माणूस दिसत नाही.”

मी म्हटले, “थंडी आहे गं. सगळे दारे लावून आत बसलेत.”

“थंडी!” ती हसली. तिच्याकडे पारा शून्याच्या खाली वीस अंशांवर जातो, तिला आपली आठ-नऊ अंशांची थंडी काय वाटणार? मग तिने सांगितले, की त्यांच्या शहरात ऐन हिवाळ्यात भर चौकात उजेडाच्या कलाकृती मांडतात, लोक मुलाबाळांसह ते पाहायला बाहेर पडतात, आणि त्या उपक्रमाचे नावच मुळी ‘लुमिनोथेरपी’, म्हणजे प्रकाशोपचार, असे आहे. २०१० पासून तो दर हिवाळ्यात होत आला. “त्यानं मन खरंच बरं होतं मामा. तुमच्याकडे असं काही का नाही?”

मी बोट करून टेकडी दाखवली. चामुंडा माता आणि तुळजाभवानी, म्हणजे गावाच्या भाषेत छोटी माता आणि बडी माता, जिथे वसल्या आहेत ती आपली देवासची टेकडी. दिव्यांनी लखलखत होती. भाचीने पाहिले, मान डोलावली, आणि पुन्हा विचारले, “पण मग लोक घरात का?”

या प्रश्नाला माझ्याकडे त्या रात्री उत्तर नव्हते. पुढचे पंधरा दिवस आम्ही जिथे जिथे हिंडलो तिथे तो प्रश्न बरोबर आला. त्यातून जे सुचले ते येथे मांडतो आहे. रोषणाई ही कला आहे असे धरून चालायचे, आणि चित्राची वा नाटकाची करतात तशी तिची चिकित्सा करायची, एवढाच या लेखाचा प्रपंच. आपल्या नियतकालिकांतून कवितासंग्रहांची समीक्षा येते, गाण्याच्या मैफलींची येते. पण गावच्या डोक्यावर रोज रात्री जे चित्र टांगलेले असते, त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही.

आधी औषधाचा भाग संपवू. थंडीत मन खचण्याच्या विकाराचे शास्त्रीय वर्णन अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यावर प्रखर प्रकाशाचा उपाय सुचवला. आज त्यासाठी जी दिव्याची पेटी वापरतात ती साधारण दहा हजार लक्सचा प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचवते, तीही सकाळी, अर्धा तास समोर बसून. रस्त्यावरच्या सजावटीचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो दहा-वीस, फार तर पन्नास लक्स. म्हणजे औषध म्हणून पाहिले तर मॉन्ट्रियलच्या चौकातले दिवे निरुपयोगीच म्हणायचे. आणि आपल्याला तर त्या औषधाची गरजच नाही. धार आणि देवास दोन्ही कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला. आपला सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असतो, मॉन्ट्रियलचा पावणेनऊ. पौषातल्या दुपारी अंगणात खाट टाकून बसलेल्या आजोबांना पन्नास हजार लक्सहून जास्त प्रकाश फुकटात मिळतो. नॉर्वेतल्या र्‍युकान गावाचे पाहा. डोंगरांच्या कुशीतल्या त्या गावाला जवळजवळ सहा महिने सूर्य दिसत नाही, म्हणून २०१३ मध्ये त्यांनी डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडले. त्याआधी १९२८ पासून तिथे रोपवे आहे, तो लोकांना वर सूर्यापर्यंत नेण्यासाठी! आपल्याकडे टेकडीवर रोपवे आहे तो देवीपर्यंत नेण्यासाठी. ज्याला जे दुर्मीळ, त्याच्यासाठी त्याने दोर बांधावा.

तर मग मॉन्ट्रियलच्या त्या दिव्यांनी भाचीचे मन बरे होते ते कशाने? तिला सगळ्यांत आवडलेली कलाकृती २०१५ च्या डिसेंबरातली होती. चौकात तीस सी-सॉ मांडले होते, आपण लहानपणी शाळेच्या मैदानात खेळायचो तसले, पण आतून उजळणारे. वर-खाली झाले की उजेड हलायचा आणि सूर निघायचे. “आणि मामा, एकटं बसून काही होत नाही. समोर कुणीतरी लागतंच. मी एका म्हाताऱ्या अनोळखी बाईबरोबर बसले होते.”

माझ्या मते मर्म इथे आहे. प्रकाशाच्या मात्रेने मन उभारी धरत नाही. थंडीत दार उघडून बाहेर जायला निमित्त मिळते, बाहेर कोणीतरी भेटते, आणि ज्या अंधाराला भिऊन आपण आत बसलो होतो तो अंधार अचानक पाहण्यासारखा होतो, याने मन उभारी धरते. उघड्यावरच्या प्रकाशकलेला लावायची कसोटी हीच. ती माणसाला बाहेर काढते का? आणि रात्रीला रात्र राहू देते का?

दुसरा प्रश्न आपल्याला अधिक लागू आहे. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ तशी माळव्याची रात्र, ‘शब-ए-माळवा’, असे उत्तरेत म्हणतात. पठारावरची कोरडी, स्वच्छ, दिवसभराचा ताप उतरवणारी रात्र ही आपली ख्याती. आपण मराठी माणसे अठराव्या शतकात पवारांच्या, होळकरांच्या, शिंद्यांच्या घोड्यांमागून इथे आलो आणि या रात्रीचे वारसदार झालो. ‘दिवेलागण’ हा शब्द आपण बरोबर आणला. शेजाऱ्यांच्या ‘दिया-बत्ती’शी त्याची लगेच सोयरीक जुळली. ‘रोषणाई’ मात्र आपल्या आधीपासून इथे होती.

तिचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुंदर वृत्तांत मांडूचा आहे, धारपासून पस्तीसेक किलोमीटरवरच्या. १६१७ साली बादशहा जहांगीर काही महिने मांडूला मुक्कामाला होता. त्याच्या येण्याआधी तिथल्या जुन्या इमारती दुरुस्त करायला तीन लाख रुपये खर्च झाल्याची नोंद त्यानेच केली आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शब-ए-बारातच्या रात्री नूरजहाँच्या महालात मेजवानी झाली. हा महाल मोठ्या तलावांच्या मधोमध होता. अंधार पडताच तलावांच्या काठांनी आणि इमारतींवर कंदील आणि दिवे लावले गेले. बादशहा आपल्या आत्मचरित्रात लिहितो, की अशी रोषणाई बहुधा कुठे झालीच नसेल. दिव्यांची प्रतिबिंबे पडून तलाव म्हणजे जणू अग्नीचे मैदान दिसत होते. प्यायला बसलेल्यांनी झेपेल त्याहून जास्त प्याले रिचवले, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो.

ही रात्र हिवाळ्यातली नव्हती, ऐन पावसाळ्यातली होती. आणि बादशाही पैशाची होती, हेही खरे. परंतु रचना म्हणून तिचा विचार करा. दिवे इमारतींवर होते, पण पाहायचे होते ते पाण्यात. पाणी हलले की चित्र हलणार, वारा आला की निम्मे विझणार. दिवे काठाशी आणि मधे काळोखे पाणी, म्हणजे अंधार हाच कॅनव्हास. आणि तेल संपले की खेळ संपला. ज्याने कोणी ही योजना केली त्या अनाम कारागिराला मी माळव्याचा पहिला प्रकाशकलावंत म्हणेन. त्याचे नाव बादशहाने लिहून ठेवले नाही. प्याल्यांचा हिशेब मात्र ठेवला.

भाचीला घेऊन मांडूला गेलो तेव्हा तिला ही गोष्ट सांगितली होती. साहजिकच रात्री काय दिसते याची तिला उत्सुकता. आता मांडूला मध्य प्रदेश पर्यटनाचा हिंडोला महालावरचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम आहे. हा प्रकार मूळचा फ्रेंच. १९५२ मध्ये शांबोरच्या राजवाड्यात पॉल रॉबेर-उदँ यांनी तो प्रथम केला, १९६५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावर तो आपल्याकडे आला, आणि तेव्हापासून देशातल्या बऱ्याच नामांकित किल्ल्यांनी तो पोशाख अंगावर चढवला आहे.

या प्रकाराबद्दल माझी तक्रार कुठल्या एका कार्यक्रमाविषयी नाही, घाटाविषयीच आहे. त्यात ध्वनी हा मालक आणि प्रकाश हा नोकर. निवेदक युद्ध म्हणाला की भिंत लाल, प्रेम म्हणाला की जांभळी, मृत्यू म्हणाला की निळी. उजेडाला स्वतःचे असे काही म्हणायचेच नसते; तो फक्त दुजोरा देतो. बसलेला प्रेक्षक कानाने ऐकतो आणि डोळ्यांनी होकार देतो. आता हिंडोला महालच घ्या. त्याच्या भिंती तळाकडे बाहेर झुकत, उतरत येतात, त्यामुळे झोके घेतल्याचा भास होतो आणि म्हणून तर त्याचे नाव हिंडोला. एका बाजूने, खालून, एकच मंद दिवा ठेवला तर तो उतार, ते खोल कमानदार दरवाजे आपोआप बोलू लागतील. चारी बाजूंनी रंग ओतला की उतार नाहीसा होतो आणि समोर उरतो तो सपाट पडदा. दगडी इमारतीचा सिनेमाचा पडदा करणे हा मला तिचा थोडासा अपमानच वाटतो.

हे कळायला दूर जायला नको. धारला शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आहे. मुंबईत चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे तो यांच्या हातचा. वसईचा हा माणूस धारला आला आणि धारचाच होऊन राहिला, १९६१ साली पद्मश्री झाला. तिथले कोणतेही व्यक्तिशिल्प दिवसा, खिडकीच्या उजेडात पाहा. गालाच्या हाडाखाली पडलेली सावली हीच त्या चेहऱ्याची ओळख असते. चारही बाजूंनी उजेड टाका, ओळख पुसून जाईल. शिल्पकार सावली घडवतो. माती वा ब्राँझ हे त्याचे निमित्त. रोषणाईचे कंत्राट देणाऱ्यांनी एकदा तरी या स्टुडिओत तासभर उभे राहावे असे मनापासून वाटते.

परतताना आम्ही उज्जैन केले. देवासहून ते सदतीसेक किलोमीटर, आणि या विषयात उज्जैनला टाळून चालणार नाही, कारण तिथे एकाच रुद्रसागराच्या आसमंतात दोन प्रकाशकृती आहेत. एक ११ ऑक्टोबर २०२२ रोजी खुला झालेला महाकाल लोक. नऊशेहून अधिक मीटर लांबीचा मार्ग, १०८ स्तंभ, मोठमोठी शिल्पे, आणि संध्याकाळ झाली की सगळ्यांवर रंगीत प्रकाश. तिथे गर्दी असते, लोक आनंदात असतात, आजीला धरून नातू चालत असतो. पहिल्या कसोटीला ही कृती पूर्ण उतरते. ती माणसांना बाहेर काढते, पौषातसुद्धा. दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. तिथे रात्र नाहीच. दिवसाचाच एक रंगीत प्रकार आहे.

दुसरी कृती हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन दीपमाळा. मराठा अमदानीतल्या, आपल्या जेजुरीच्या, कोल्हापूरच्या दीपमाळांच्या सख्ख्या बहिणी. निमुळते होत गेलेले उंच दगडी स्तंभ आणि त्यांना सर्व बाजूंनी फुटलेले दिव्यांचे हात. दोन्ही मिळून १०११ दिवे सांगतात, आणि एका वेळेला साठ लिटर तेल. पूर्वी नवरात्रात आणि मोजक्या पर्वांना उजळणारे हे स्तंभ आता भाविकांच्या नोंदणीमुळे जवळपास रोज उजळतात.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसे होती, पण आवाज कमी होता. दीपमाळेवर चढणारी माणसे त्या दगडी हातांवरच पाय देत वर जातात. ना शिडी, ना दोर. दिवस मावळत असताना खालून ती काळी आकृती वर सरकताना दिसते आणि तिच्या मागोमाग ठिणग्या उमलत जातात. मोजून काही मिनिटांत दोन्ही झाडे फुलतात. इथे एक गोष्ट लक्षात आली, जी फोटोत कधी येत नाही: पेटवणारा माणूस हा या कलाकृतीचा भाग आहे. विजेच्या रोषणाईत बटण दाबणारा कुठेतरी खोलीत असतो. इथे सगळे अंगण श्वास धरून त्याच्या पायाकडे पाहत असते, की आता घसरला तर? तो उतरला की सगळ्यांचा सुस्कारा एकदम सुटतो, आणि त्या सुस्काऱ्यात अनोळखी माणसे एकमेकांची होतात. भाचीच्या शेजारी नागझिरीची का कुठली एक बाई उभी होती. तिने भाचीच्या दंडाला धरून तिला मागे ओढले आणि म्हणाली, “बेटी, पीछे हट, तेल टपकता है.” तोच मॉन्ट्रियलचा सी-सॉ, मी मनात म्हटले.

शिवाय हजार ज्योती हजार प्रकारे हलतात. एक मोठी, एक विझू घातलेली, एक वाऱ्याकडे पाठ करून बसलेली. विद्युत दिव्यांना लुकलुकायला शिकवले तरी ते कवायत करतात. आणि खाली दगडावर वर्षानुवर्षांच्या तेलाचे काळे ओघळ. ते कोणाला अस्वच्छ वाटतील; मला तो त्या स्तंभाचा जमाखर्च वाटतो.

इथवर वाचून काही वाचक म्हणतील, की हे म्हातारपणाचे लक्षण. जुने ते सोने आणि एल.ई.डी. ते पितळ. हा आरोप मी स्वतःवर करून पाहिला आहे. त्यावेळी मला आमच्या गावचाच एक जुना पाहुणा आठवतो. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी सचिव म्हणून काही महिने इथे होता. त्या काळच्या पत्रांचे पुस्तक ‘द हिल ऑफ देवी’ १९५३ मध्ये निघाले. शीर्षकातली टेकडी ही आपलीच. त्या वर्षीची राजवाड्यातली गोकुळाष्टमी त्याने पाहिली. तिथली झुंबरे, पडदे, भिंतीवरची छापील चित्रे, त्यांत काहीही त्याच्या सुसंस्कृत डोळ्याला रुचले नाही. सगळा पसारा, गोंगाट. आणि तरीही नाचणाऱ्या महाराजांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा आहे, हे त्याला नाकारता आले नाही. पुढे १९२४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’चा शेवटचा भाग त्याने याच उत्सवावर उभा केला, त्यात भिंतीवरच्या इंग्रजी पाटीतली अक्षरेसुद्धा उलटसुलट झालेली आहेत, आणि त्या चुकीला तो हसतही नाही.

हा धडा समीक्षकाने विसरू नये. बेढब सजावटीतूनही आनंद वाहू शकतो. म्हणून नवरात्रात टेकडीवर जे वाटेल त्या रंगांचे दिवे लागतात, त्यांना मी हात लावणार नाही. त्या नऊ रात्री आसपासच्या खेड्यांतून अनवाणी चालत येणारी माणसे ते दिवे दुरून पाहतात आणि त्यांचे पाय हलके होतात. तिथे अभिरुचीची तराजू घेऊन उभे राहणे उद्धटपणाचे होईल. माझे भांडण उरलेल्या रात्रींशी आहे. उत्सव गेला, माणसे गेली, रंग तेवढे राहिले. जे नऊ रात्रींचे होते ते बारमाही झाले की डोळा ते पाहीनासा होतो. भाचीच्या प्रश्नाचे उत्तर हेच असावे: रोज उजळलेली टेकडी पाहायला कोण दार उघडून बाहेर येणार?

आपल्या पंचांगाने यात एक शहाणपण दाखवले आहे, असे मला हल्ली वाटते. आपले दिव्यांचे सण थंडी कडक होण्याआधीच आटोपतात. दिवाळी, मग त्रिपुरी पौर्णिमा. आकाशकंदील उतरला की संपले. ऐन मार्गशीर्ष-पौषात दिवा नाही. धनुर्मासात पहाटे उठून उगवत्या सूर्यासमोर जेवायचे, मग संक्रांत, मग रथसप्तमी. म्हणजे गडद थंडी आपण सूर्याच्या हवाली केली आणि तिची रात्र मोकळी ठेवली. मोकळी कशासाठी? देवासमध्ये याचे एक उत्तर मिळालेले आहे. टेकडीच्या पायथ्याशी ‘भानुकुल’मध्ये राहणाऱ्या कुमार गंधर्वांनी क्षयाच्या दुखण्यात काही वर्षे गाणे बंद ठेवून, मग जे गाणे उभे केले त्यात ‘गीतवर्षा’ आणि ‘गीतवसंत’ यांच्या जोडीला ‘गीत हेमंत’ही होता. हेमंतावर अख्खी मैफल! ती सुचायला, वाटते, रात्री कानावर पडणारी माळव्याची शांतता लागली असेल. तिथे रात्रभर झगझगाट असता तर ती शांतता ऐकू आली असती का, कोण जाणे. हे माझे अनुमान आहे, पुरावा नाही.

मला हवे ते फार थोडे आहे. मिठा तलावाकाठच्या पवारांच्या छत्र्या आहेत, समोर पाणी आहे. पौषातली एखादी अमावस्या निवडावी. त्या संध्याकाळी काठावरचे विजेचे दिवे दोन तास मालवावेत, आणि ज्याला यायचे त्याने घरून एक पणती आणि स्वेटर घेऊन यावे. मराठी मंडळाने पुढाकार घ्यावा, पण निमंत्रण हिंदीतही छापावे. भाषण नको, निवेदक तर नकोच. जहांगिराची युक्ती आहे, तीन लाखही लागणार नाहीत. जमले नाही तर चार घरांची माणसे काठावर गप्पा मारून परत येतील, एवढेच नुकसान.

भाची फेब्रुवारीत परत गेली. हरसिद्धीच्या अंगणात त्या बाईने वेळेवर ओढूनही तिच्या महागड्या थंडीच्या जॅकेटावर तेलाचे दोन थेंब पडलेच होते. ते तिकडच्या ड्रायक्लीनरलाही निघाले नाहीत, असे तिने कळवले आहे. जॅकेट ती तसेच वापरते.